पंप दुरुस्त कोण करणार?

तंत्रज्ञानाच्या साह्याने गरीब देशांची सेवा करावी आणि तीच आपली उपजीविका व्हावी, असे म्हणणारे पदवीधर आज पुष्कळ आढळतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या कार्याचा आरंभ जिनेव्हाच्या परिषदेत होतो की गावच्या पाणवठ्यावर?

या दृष्टीने हातपंपाचा इतिहास तपासण्याजोगा आहे. आरंभी भारतातील विंधनविहिरींवर बसविलेले बिडाचे पंप म्हणजे परदेशातील एका कुटुंबापुरत्या पंपांच्या नकला होत्या. अख्ख्या गावाचा भार येताच ते मोडू लागले. उपाय शोधला तो जालना-सोलापूरकडच्या, दुष्काळी मुलखात विहिरी खोदणाऱ्या मिशनशी संबंधित कारागिरांनी. बिडाऐवजी पोलाद, अनेक सांध्यांऐवजी एकच सांधा, दांड्याला साखळी! सोलापूरच्या या पंपावरूनच १९७०च्या दशकात युनिसेफच्या सहभागाने ‘इंडिया मार्क २’ सिद्ध झाला. त्यावर कोणाचीही मक्तेदारी नव्हती. आफ्रिकेतील गावांपर्यंत तो पोचला, यात नवल नाही.

उलट मुलांच्या खेळचक्रावर चालणारा ‘प्लेपंप’ पाहा. २०१०पर्यंत आफ्रिकेत असे ४,००० पंप बसविण्याची घोषणा २००६ साली न्यूयॉर्कमध्ये गाजावाजाने झाली. मुले खेळून थकली की ते चक्र बायकांनाच रेटावे लागे. उद्दिष्ट अपुरेच राहिले.

मार्क २ही निर्दोष नव्हता. तळाचा वॉशर बदलण्यासाठी सारी नळी वर काढावी लागे. पथक येईपर्यंत हंडा पुन्हा स्त्रियांच्याच डोक्यावर. ती अडचण पुढे ‘मार्क ३’ने बरीच दूर केली. या क्षेत्रात येणाऱ्या तरुणाने पहिली दोन वर्षे नव्या योजना न आखता पाना हाती घेऊन गावच्या पंप-दुरुस्ती कारागिराबरोबर काढावीत, आणि त्या कारागिराला वेतन कोण देतो, हेही तेथेच विचारावे.