आधी काय निकामी होईल?

दसरा-दिवाळीच्या खरेदीत दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे बोलणे बहुधा दोन आकड्यांभोवती फिरते: मिक्सर किती वॉटचा आणि वॉरंटी किती वर्षांची. मिक्सरच्या मोटरला ५ वर्षे, फ्रिजच्या कॉम्प्रेसरला १० वर्षे हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते. पण हे आकडे वस्तूच्या सगळ्यात दणकट भागाबद्दल बोलतात. चालू मोटरचा मिक्सर माळ्यावर जाऊन पडतो, तेव्हा त्याच्या भांड्याखालचा बुश झिजून वाटण गळायला लागलेले असते, कपलरचे दात तुटलेले असतात किंवा कार्बन ब्रश संपलेले असतात. यातल्या बहुतेक गोष्टी त्या ५ वर्षांत धरलेल्याच नसतात. म्हणून कोणतीही वस्तू घेताना हिच्यात आधी काय निकामी होईल, तो भाग कोण बदलून देईल आणि किती वर्षे देईल, हे विचारावे. माझ्या मते टिकाऊपणाची खरी कसोटी हीच आहे. धातूची जाडी आणि मोटरची ताकद त्यानंतर येतात.

या कसोटीला सर्वांत चांगली उतरणारी वस्तू म्हणजे साधा प्रेशर कुकर. त्यात झिजणारे भाग मोजकेच: रबरी गॅस्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह, शिट्टी, दांड्यांचे स्क्रू. पाणी आटून कुकर तापला की व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळतो आणि वाफ सुटते. म्हणजे कुकर वाचावा म्हणून तो भाग मुद्दाम आधी जाईल असा बनवलेला आहे. मिक्सरचा कपलरही अशाच हेतूने मऊ असतो: पाते अडकले तर दात त्याचे जावेत, मोटर वाचावी. प्रचलित कुकरची घडण वर्षानुवर्षे फारशी बदललेली नाही, त्यामुळे गॅस्केट तालुक्याच्या गावातल्या भांड्यांच्या दुकानातही मिळते. फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. पण चांगल्या कुकरला भलतेच स्वस्त गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह लावला तर त्या चिन्हाला अर्थ राहत नाही, म्हणून सुटे भाग त्याच कंपनीचे घ्यावेत. निगाही थोडकीच लागते. गॅस्केट काढून धुवावे आणि कोरडे करावे, झाकण घट्ट लावून कुकर ठेवू नये. शिट्टीखालच्या नळीतून उजेड आरपार दिसतो का, हे रोज पाहावे, कारण तुरीच्या डाळीचा फेस तिथेच जाऊन बसतो. डाळीचा कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, ते याचसाठी.

नॉनस्टिक तव्याचे गणित याच्या उलट आहे. त्याचा झिजणारा भाग म्हणजे वरचा थर, आणि तोच घरी किंवा बाजारात पुन्हा चढवून मिळत नाही. हा थर साधारण २६० अंश सेल्सियसच्या पुढे खराब होऊ लागतो. मोठ्या आचेवर रिकामे भांडे तापवून मग तेल-मोहरी घालायची आपली सवय त्याच्या मुळावर येते. लोखंडी उलथने उरलेले काम करते. पितळी भांड्याच्या कल्हईचा थरही झिजतोच. कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे कल्हईचे भांडेही रिकामे तापवू नये. फरक इतकाच की नवसागर आणि कथील घेऊन बसणारा कल्हईवाला तो थर पुन्हा नवा करत असे. चिंच-कोकमाचे पदार्थ कल्हई गेलेल्या पितळेत कळकतात, म्हणून तो माणूस घराच्या व्यवस्थेचा भागच होता. आज पितळी पातेल्यांचे कौतुक पुन्हा सुरू झाले आहे. पण जवळपास कल्हईवाला नसेल, तर ते पातेले शोभेला घ्यावे, आमटीला नाही. परंपरेलाही हीच कसोटी लावायला हवी. लोखंडी किंवा बिडाचा तवा मात्र तिच्यात पूर्ण उतरतो. गंज चढला तर घासून, तेल लावून, मंद आचेवर तापवून त्याचा पृष्ठभाग घरच्या माणसाला परत मिळवता येतो. बीड ठिसूळ असते. ते पडू द्यायचे नाही आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतायचे नाही, एवढे पथ्य पाळावे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: जुने जपत बसलो तर वीज वाया जाते. छताचा पंखाच घ्या. जुना पंखा सुमारे ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला १२ तास आणि वर्षात ३०० दिवस धरले तर सुमारे १६० युनिट वाचतात. ८ रुपये युनिटने हे जवळपास १,३०० रुपये झाले. दिवसभर फिरणारा पंखा बदलणे शहाणपणाचेच आहे, हे मी मान्य करते. पण जुन्या पंख्याचा कंडेन्सर गल्लीतला इलेक्ट्रिशियन किरकोळ पैशांत बदलतो, वाइंडिंगही करून मिळते. नव्या पंख्याचा जीव सर्किट बोर्डात असतो आणि तो बोर्ड ज्याच्या त्याच्या कंपनीचाच लागतो. बोर्ड तीन वर्षांनी मिळाला नाही तर विजेतली बचत नव्या पंख्याच्या किमतीत जाते. तेव्हा नवा पंखा जरूर घ्यावा, पण बोर्डावर किती वर्षांची हमी आहे आणि गावात त्याचे सेवा केंद्र कुठे आहे, हे आधी विचारून घ्यावे. दिवसाला तासभर लागणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीतला जुना पंखा खुशाल राहू द्यावा.

दुसरा आक्षेप दुरुस्तीच्या खर्चाचा. दुरुस्तीला नव्या वस्तूच्या निम्मे पैसे पडतात, मग कशाला करायची, असे लोक म्हणतात आणि त्यांचे चुकत नाही. चूक आहे ती सुट्या भागांच्या किमती झाकून ठेवणाऱ्या व्यवहाराची. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून वॉशिंग मशीन, लॅपटॉप, फोन अशा काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे १० पैकी गुण छापणे सक्तीचे झाले. सुट्या भागांची उपलब्धता आणि किंमत त्या गुणांत धरली गेली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि २०२४ मध्ये अशाच निर्देशांकासाठी समिती नेमली, पण तिचा भर मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर होता. मिक्सर, पंखा, गॅसची शेगडी या सामान्य घरातल्या वस्तू त्यात प्राधान्याने यायला हव्यात. वॉटच्या आकड्याशेजारी बुश, कपलर आणि बोर्ड यांची किंमत आणि ते किती वर्षे मिळतील हे छापायला खोक्यावर जागा भरपूर आहे. कायदा होईपर्यंत हा प्रश्न दुकानात गिऱ्हाइकाने विचारावा आणि उत्तर बिलावर लिहून मागावे.