अकांडच्छेद आणि दहा लाख सह्या

मे २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या दूरचित्रवाणी मालिकेचे आठवे आणि अखेरचे पर्व संपत आले असताना एक अजब गोष्ट घडली. हे पर्व 'सक्षम लेखकां'कडून पुन्हा लिहवून घ्यावे आणि नव्याने चित्रित करावे, अशी मागणी करणाऱ्या निवेदनावर काही दिवसांतच दहा लाखांहून अधिक प्रेक्षकांनी सह्या केल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मालिकेने १२ एमी पुरस्कार पटकावले; सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा पुरस्कारही त्यांत होता. परीक्षकांचा कौल एकीकडे आणि प्रेक्षकांचा रोष दुसरीकडे, असे हे चित्र होते.

या निवेदनाची यथेच्छ थट्टा झाली. हॉटेलातला पदार्थ बेचव निघाला म्हणून ताट परत पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाची ही वृत्ती आहे, कलाकृतीशी असे वागायचे नसते, असे सांगितले गेले. त्या थट्टेत आम्हीही सामील होतो. पुढे जूनमध्ये महाविद्यालये उघडल्यावर आमच्यापैकी एकाच्या एम. ए.च्या वर्गात औचित्यविचार चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, डेनेरिसने शहर जाळले, त्याला अनौचित्य म्हणायचे का?" वर्ग हसला, सरही हसले, आणि तास क्षेमेंद्राकडे वळला. प्रश्न मात्र गेला नाही. ज्या संकल्पना आपण परीक्षेपुरत्या शिकवतो त्यांचा एका मुलीने खरोखरचा उपयोग करून पाहिला आणि आपण तो हसण्यावारी नेला, ही टोचणी राहिली. त्या न दिलेल्या उत्तराचा हा उशिराचा प्रयत्न आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ साली आला, पाचवा जुलै २०११ मध्ये. संकल्प सात खंडांचा. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी एचबीओसाठी केलेले रूपांतर १७ एप्रिल २०११ रोजी सुरू झाले आणि ७३ भागांनंतर १९ मे २०१९ रोजी संपले. म्हणजे पाचव्या खंडानंतर मालिका पुढे गेली आणि कादंबरी मागे राहिली. शेवटाची ढोबळ रूपरेषा मार्टिन यांनी या दोघांना सांगितली होती. पण तिथवर जाण्याची वाट त्यांना स्वतःच काढायची होती. रूपांतराच्या इतिहासात हा प्रकार विरळा. एरवी मूळ कृती पूर्ण असते आणि प्रेक्षक तिच्याशी ताडून पाहू शकतो. येथे ताडून पाहण्यासाठी अर्धे पुस्तक होते आणि उरलेल्या अर्ध्याची केवळ अपेक्षा होती.

या आठ वर्षांतील प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया सरसकट एका मापाने मोजल्या जातात, ही पहिली चूक. त्यांत किमान तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार धक्क्याचा. २०११ साली पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात नेड स्टार्कचा शिरच्छेद झाला. ज्याला आपण नायक समजत होतो तोच गेला. २ जून २०१३ रोजी 'रेड वेडिंग' म्हणून प्रसिद्ध असलेले लग्नातले हत्याकांड दाखवले गेले, तेव्हा कादंबरी वाचलेल्यांनी न वाचलेल्या आप्तमित्रांचे चेहरे गुपचूप चित्रित करून ठेवले. किंकाळ्या, रडणे, रागाने खोलीबाहेर जाणे, असे सारे त्यांत आहे. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या दुःखद घटना पुन्हा लिहून द्या, असे दहा लाख लोक तेव्हा म्हणाले नाहीत. धक्का ओसरल्यावर त्यांना मागची साखळी दिसली. नेडने दयेपोटी सर्सीला आधीच सावध केले होते. रॉबने फ्रे घराण्याला दिलेला विवाहाचा शब्द मोडला होता. अनपेक्षित वाटलेले अटळ होते, हे मागाहून उमगणे हाच त्या धक्क्यातला आनंद होता. तेव्हा 'प्रेक्षकांना गोड शेवट हवा होता' हा आक्षेप येथेच निकालात निघतो. गोड शेवट हवा असणारा प्रेक्षक या मालिकेत २०१३ नंतर टिकलाच नसता.

दुसरा प्रकार नैतिक आक्षेपाचा. २०१५ च्या पाचव्या पर्वात सान्साचे लग्न रॅम्झी बोल्टनशी लावले गेले आणि लग्नाच्या रात्री तिच्यावर बलात्कार झाल्याचे दाखवले. कादंबरीत रॅम्झीची वधू सान्सा नाही. आर्या स्टार्क म्हणून खपवलेली जेन पूल ही दुसरीच मुलगी आहे. बदल केला म्हणून रागावलेले वाचक होतेच. पण गंभीर आक्षेप निराळा होता: त्या क्षणी कॅमेरा सान्सावरून हटून थिऑनच्या चेहऱ्यावर स्थिरावतो. यातना तिची आणि साक्षात्कार त्याचा, असे का? कथनाचा दृष्टिकोन कोणाकडे द्यावा, हा आपण वर्गात शिकवतो तोच प्रश्न आहे. प्रेक्षकांनी तो परिभाषेविना विचारला, इतकेच.

तिसरा प्रकार २०१९ चा, आणि आमचा मुख्य विषय तोच. शिव्याशाप आणि विनोद बाजूला सारले, तर त्या रोषात तीन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. सारे घाईत उरकले. डेनेरिस अशी वागणार नाही. उत्तरेच्या संकटाचे काय झाले? या तक्रारी वाचताना आम्हांला मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'चा सातवा उल्लास आठवला. त्यात रसदोषांची यादी आहे; तिचे मूळ 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात सापडते. त्यांपैकी तीन दोष असे: अकांडच्छेद, म्हणजे रस अवेळी तोडणे, अंगीचे अननुसंधान, म्हणजे मुख्य गोष्टीचाच विसर पडणे, आणि प्रकृतिविपर्यय, म्हणजे पात्राच्या प्रकृतीशी विसंगत वर्तन. अकराव्या शतकातला काश्मिरी आचार्य आणि एकविसाव्या शतकातला चिडलेला प्रेक्षक यांच्या याद्या इतक्या जुळाव्यात, हा निव्वळ योगायोग आम्हांला वाटत नाही.

अकांडच्छेदाचे उदाहरण म्हणून मम्मट भवभूतीच्या 'महावीरचरिता'कडे बोट दाखवतो. राम आणि परशुराम समोरासमोर आहेत, वीररस भरात आला आहे, आणि राम कंकण सोडण्याच्या विधीसाठी निघून जातो. मालिकेची पहिली सहा पर्वे प्रत्येकी दहा भागांची, सातवे सात भागांचे आणि आठवे सहा भागांचे. शेवटचे भाग लांबीने मोठे होते, हे खरे. एक तर ८२ मिनिटांचा होता. पण मिनिटे वाढल्याने काळ वाढत नाही. प्रारंभीच्या पर्वांत राजधानीहून उत्तरेला जाणे हा महिनाभराचा प्रवास होता आणि त्या वाटेवरच माणसे घडत, बिघडत. सातव्या पर्वात संकटाचा निरोप घेऊन पक्षी उडतो आणि दूर दक्षिणेच्या बेटावरून मदत जणू रातोरात पोहोचते. उडते ड्रॅगन निमूटपणे मान्य करणारा प्रेक्षक पक्ष्याच्या वेगावर हरकत घेतो, याचे अनेकांना हसू आले. हसण्याजोगे त्यात काही नाही. अशक्य असूनही पटणारे हे शक्य असूनही न पटणाऱ्यापेक्षा बरे, असे ॲरिस्टॉटल सांगून गेला आहे. अद्भुताच्या कथेत तर कार्यकारणाचा धागा अधिकच घट्ट लागतो, कारण बाकी सारे सैल असते.

अंगीच्या अननुसंधानासाठी मम्मट 'रत्नावली'च्या चौथ्या अंकाचा दाखला देतो: बाभ्रव्य येतो आणि सागरिकाच विस्मरणात जाते. मालिकेच्या अगदी पहिल्या प्रसंगात भिंतीपलीकडच्या मृतांचे भय आहे. सिंहासनासाठीची सारी भांडणे त्या भयापुढे क्षुद्र ठरणार, ही रचनेची मूळ कल्पना. आठव्या पर्वाच्या तिसऱ्या भागात एका रात्रीत ते संकट संपते आणि उरलेल्या तीन भागांत ते कशासाठी आले होते, याची कोणी फारशी आठवणही काढत नाही. पुन्हा सिंहासनाचेच भांडण सुरू होते.

तिसरा दोष अधिक नाजूक आहे. मम्मटाची 'प्रकृती' म्हणजे आजचे मनोविश्लेषण नव्हे. दिव्य-अदिव्य, धीरोदात्त-धीरोद्धत अशा वर्गांच्या मर्यादा त्याला अभिप्रेत आहेत. संकल्पना आम्ही ताणत आहोत, हे मान्य. पण खरी अडचण दुसरीच आहे: डेनेरिसच्या क्रौर्याची बीजे मालिकेत होती. मीरीन नगरीत तिने १६३ धनिकांना खांबांवर खिळवले होते. शरण न येणाऱ्या टार्ली पितापुत्रांना तिने जिवंत जाळले होते. मग १२ मे २०१९ च्या भागात, शरणागतीच्या घंटा वाजल्यावरही तिने राजधानी जाळली, हा प्रकृतिविपर्यय कसा? मालिकेचे समर्थक हेच विचारतात आणि त्यांचा मुद्दा बिनतोड भासतो.

आमचे उत्तर असे. नाट्यशास्त्राने संधी पाच सांगितले: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. बीज मुखात पेरले म्हणून निर्वहण आपोआप सिद्ध होत नाही. मधल्या विमर्शात मन हेलकावे घेते, क्रोध आणि मोह यांच्याशी झुंजते. येथे विमर्शच गळाला आहे. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या दृष्टीतून येते. पहिल्या तीन खंडांत तर त्या पात्राचे नाव हेच प्रकरणाचे शीर्षक. त्यामुळे डेनेरिस स्वतःला काय समजावते, काय लपवते, हे वाचकाला आतून कळत जाते. पडद्यावर हा आतला आवाज नाही. त्याची भरपाई वेळाने, मौनाने, चेहऱ्याने करावी लागते. त्या भागात घंटा वाजताना तिचा चेहरा आपण पाहतो आणि ती झेपावल्यावर तो पुन्हा दिसत नाही. दिसतात ते खाली जळणारे लोक. जळणाऱ्यांच्या बाजूने पाहणे ही दिग्दर्शकाची निवड उदात्त आहे. पण जिचा निर्णय आपल्याला समजून घ्यायचा आहे ती नेमक्या त्या क्षणी आपल्याला बंद होते. 'ती अशी वागणार नाही' या तक्रारीचा नेमका अर्थ 'ती अशी का वागली ते आम्हांला जगू दिले नाही' असा आहे. प्रेक्षकांनी निदान चुकीच्या शब्दांत केले, पण दुखरी जागा बरोबर दाखवली.

याचा अर्थ प्रेक्षक सर्वस्वी निर्दोष होते असा नाही. पुनर्लेखनाची मागणी आम्हांला आजही अमान्य आहे. लेखक वाचकाचा ऋणको नसतो, आणि फसलेली कृती फसलेली म्हणून जगण्याचाही तिला हक्क आहे. शिवाय त्या रोषात स्वतःविषयीची एक अस्वस्थताही मिसळली होती, असा आमचा संशय आहे. अमेरिकेत शेकडो मुलींची नावे 'खलीसी' या डेनेरिसच्या उपाधीवरून ठेवली गेली होती. २०१३ साली तिने गुलामांच्या व्यापाऱ्यांना जाळले तेव्हा याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जळणारे दुष्ट असले की आग आपल्याला आवडते, हे सत्य शेवटी आरशासारखे समोर आले आणि ते कोणालाच सुखाचे नव्हते. मालिकेला ही जाणीव होती. अखेरच्या भागात कैदेतला टिरियन जवळजवळ हेच बोलून दाखवतो. पण बोलूनच दाखवतो. जे व्यंग्य राहून प्रेक्षकाच्या मनात उमटायला हवे होते ते वाच्य झाले, तेही शहर जळून गेल्यावर. त्याच भागात चांगल्या गोष्टीहून सामर्थ्यवान काही नाही, असे सांगून तो ब्रॅनला राजा सुचवतो. पाचव्या पर्वात हा ब्रॅन एकदाही दिसला नव्हता, हे प्रेक्षक विसरले नव्हते.

मालिका संपून वर्षे लोटली. २०२२ मध्ये त्याच विश्वातली 'हाउस ऑफ द ड्रॅगन' आली आणि प्रेक्षक पुन्हा मोठ्या संख्येने जमले. रुसवा कायमचा नव्हता. पण त्या रोषातून आम्ही, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांनी, काही घेतले का? आपल्या वर्गात 'आवडले नाही' हे उत्तर शून्य गुणांचे असते. विद्यार्थी लवकरच शहाणे होतात, आवडनिवड घरी ठेवून येतात आणि रसदोषांची यादी उदाहरणांसकट पाठ लिहितात. 'महावीरचरित' न वाचताच त्यातला अकांडच्छेद त्यांना ठाऊक असतो. ज्या कृतीने त्यांची झोप उडवली, जिच्यासाठी ते सोमवारी पहाटे उठून बसले, तिच्याविषयी मात्र त्यांनी आमच्यापाशी काही बोलावे असे आम्ही वागत नाही. सहृदय म्हणजे केवळ अभ्यासाने घडलेला रसिक असे आपण शिकवतो. हृदय आधी असावे लागते, हे आपण विसरतो.

त्या विद्यार्थिनीला आज उत्तर द्यायचे तर आम्ही म्हणू: होय, अनौचित्य आहे, पण तू म्हणतेस त्या ठिकाणी नाही. शहर जाळण्यात नाही, त्याच्या आधी जे दाखवायचे राहून गेले त्यात आहे. आणि मग तिला विचारू, की तुला हे कोणत्या दृश्यात प्रथम खटकले? तास तिथून सुरू व्हायला हवा होता.