वर घरे, खाली दुकाने: भांडण चालू ठेवा, पण पंप आधी चालू करा

खाली गाळे आणि वर सदनिका असलेल्या राज्यातल्या प्रत्येक इमारतीच्या रहिवाशांना, गाळेधारकांना आणि भाडेकरूंना हे तातडीचे आवाहन आहे.

३० ऑगस्ट २०२३ ला पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले एकाच कुटुंबातले चौघे गेले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला गोरेगावच्या आझाद नगरात इमारतीच्या पार्किंगमध्ये आग लागली आणि धूर जिन्याने वर चढला. सात जण गेले. बरोबर एक वर्षाने, ६ ऑक्टोबर २०२४ ला, चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खालच्या दुकानाला लागलेल्या आगीत वर राहणाऱ्या एका घरातले सात जण गेले. १८ मे २०२५ च्या रविवारी सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात, आवारातच राहणारे मालकाचे कुटुंब धरून, आठ जणांचा बळी गेला. त्याच सकाळी हैदराबादेत चारमिनारजवळ, खाली दुकाने आणि वर घर असलेल्या इमारतीत सतरा जण गेले. तिथे खाली उतरायला एकच अरुंद जिना होता.

या सगळ्या आगी रात्रीच्या शेवटच्या प्रहरी किंवा पहाटे लागल्या. मिश्र वापराच्या इमारतीचा खरा धोका तिथेच आहे. नुसत्या घरांच्या इमारतीत काही जळायला लागले तर कोणाला तरी वास येतो. नुसत्या दुकानांच्या इमारतीत रात्री माणूस नसतो. आपल्याकडे मात्र रात्री दहाला शटर खाली ओढले जाते, आत फ्रीज, चार्जर, इन्व्हर्टर चालू राहतात आणि वर शंभर माणसे झोपतात. शटरच्या आत पेटलेले कोणाला दिसत नाही. धूर जिन्यात शिरला की कळते, पण तोवर उतरायची वाट बंद झालेली असते.

आता प्रश्न पैशांचा. अग्निशमन दलाची नोटीस किंवा अग्निसुरक्षेच्या लेखापरीक्षणाचा अहवाल आला, त्यात वेट रायझर (आग विझवायला पाणी वर नेणारा उभा पाइप), नवा पंप, अलार्म, पार्किंगमध्ये स्प्रिंकलर, जिन्याला अग्निरोधक दारे अशी यादी निघाली, की सभेत पुढचा संवाद ठरलेला असतो. गाळेधारक म्हणतात, "आम्हाला ना लिफ्ट लागते ना जिना. शटर उघडले की रस्ता. सातव्या मजल्यावरच्या नळाचे पैसे आम्ही का भरायचे?" सदनिकाधारक म्हणतात, "आग लागणार तुमच्या तळणीतून, आणि वर्गणी आमच्या खिशातून?" दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणूनच हे भांडण वर्षानुवर्षे मिटत नाही. सभा तहकूब होते. चहा-बिस्किटे तेवढी होतात.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ला या भांडणाशी देणेघेणे नाही. तो जबाबदारी 'मालक किंवा भोगवटादार' यांच्यावर टाकतो. म्हणजे भाड्याने गाळा घेऊन नाश्ता सेंटर चालवणाराही सुटत नाही आणि दूरच्या शहरात बसलेला त्याचा मालकही सुटत नाही. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या बोलण्यातला 'बी फॉर्म', दर जानेवारीत आणि दर जुलैत द्यावेच लागते. कायदा मोडला तर सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि वीस ते पन्नास हजार रुपये दंड आहे. धोका गंभीर वाटला तर वीज-पाणी तोडण्याचा आणि इमारत मोहोरबंद करण्याचा अधिकारही त्याच कायद्यात आहे. वीज तोडली जाते तेव्हा गाळा कुणाचा आणि सदनिका कुणाची हे कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे एवढेच की वाटणीचा वाद आणि काम यांची गाठ सोडवा. सामाईक यंत्रणेचा पहिला हप्ता प्रत्येकाने हक्क राखून भरावा. तसा ठराव इतिवृत्तात स्पष्ट लिहा: 'अंतिम वाटा ठरल्यावर कमी-जास्त रक्कम वळती केली जाईल.' मग वाटा ठरवायला सहा महिने घ्या, हवे तर सहकार न्यायालयात जा. पंप मात्र त्याआधी बसलेला असू द्या.

वाटा कसा ठरवावा, याबद्दलही मला ठाम मत आहे. तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली असेल, आणि पुण्यात अशा पुष्कळ आहेत, तर बराचसा वाद आधीच मिटलेला आहे. घोषणापत्रात प्रत्येक सदनिकेचा आणि गाळ्याचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो आणि सामाईक खर्च त्याच प्रमाणात विभागायचा असतो. हे घोषणापत्र बहुधा माजी सेक्रेटरींच्या कपाटात धूळ खात पडलेले असते. ते काढा, त्याच्या प्रती करा आणि सगळ्यांना द्या. सहकारी संस्था असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. सिंकिंग फंड वर्षाकाठी बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्क्याने जमवायचा असतो. तो मोठ्या कामांना, उपविधीतल्या अटी पाळून आणि सभेच्या मंजुरीने, वापरता येतो. मुदत ठेवीत कुजवण्यासाठी तो नाही.

टाकी, पंप, रायझर, जिना, अलार्मचे मुख्य पॅनेल हे सगळ्यांचे, म्हणून खर्चही सगळ्यांचा. 'मला जिना लागत नाही' हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण गाळ्यातली आग विझवायला पाणी त्याच टाकीतून येणार आहे. गाळ्याच्या आतली वायरिंग, आतला डिटेक्टर आणि अग्निशामक सिलिंडर हा ज्याचा त्याचा खर्च. तिसरी गोष्ट लोक बोलायला कचरतात. मंजूर नकाशात वह्या-पुस्तकांचे दुकान होते, तिथे आज तंदूर आणि सहा व्यावसायिक गॅस सिलिंडर आहेत. या बदललेल्या वापरामुळे जो जास्तीचा बंदोबस्त करावा लागतो, त्याचा भार त्या गाळ्याच्या मालकानेच उचलावा. घराचा क्लास करणाऱ्या किंवा पॅसेजमध्ये गोदाम थाटणाऱ्या सदनिकाधारकालाही हाच नियम लावा. नाहीतर तो नियम न राहता फक्त राग उरेल.

आता बी फॉर्मबद्दल. अनेक ठिकाणी हा कागद जिना न चढताच तयार होतो. एजन्सीचा माणूस येतो, खाली वॉचमनशी बोलतो आणि आठवड्याने प्रमाणपत्र पाठवतो. असे प्रमाणपत्र नसलेलेच बरे, कारण ते तुम्हाला निर्धास्त करते. एजन्सीचा परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीत आहे का ते पाहा. चाचणी समितीच्या दोन सभासदांसमोर, एक सदनिकांचा आणि एक गाळ्यांचा, अशीच घ्या. कामाची यादी एकाने करावी आणि काम दुसऱ्याने करावे. जो यादी करतो तोच माल विकणार असेल तर यादी लांबणारच.

खरी चाचणी तुम्ही स्वतःही बघू शकता. एजन्सीच्या माणसाला बोलवा आणि सर्वांत वरच्या मजल्यावरची हायड्रंटची झडप उघडायला लावा. पाइपातला दाब उतरला की आधी छोटा जॉकी पंप आणि मग मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. बहुतेक ठिकाणी तो होत नाही आणि कारण क्षुल्लक असते. कुठेतरी पाइप गळतो, त्यामुळे पंप मध्यरात्री उगाच सुरू होतो, लोक ओरडतात आणि कोणीतरी पॅनेलवरचा खटका 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर फिरवून ठेवतो. गळती कोणी काढत नाही, खटकाही परत कोणी फिरवत नाही. दुसरे पाहायचे ते विजेचे. अग्निशमन दलाचे जवान आले की आधी इमारतीचा मुख्य वीजपुरवठा बंद करतात. पंपाची जोडणी त्याच खटक्यावर असेल तर पाण्याची गरज पडते त्याच क्षणी पंप मरतो. त्याला वेगळी जोडणी हवी. तिसरे, टाकी. उन्हाळ्यात टँकर उशिरा आला की आगीसाठी राखलेले पाणी वापरायला काढतात, आणि मग ते पुन्हा भरायचे राहून जाते. होजची पेटी उघडा. पितळी नोझल आहे का? भंगारात त्याला भाव मिळतो, म्हणून ते आधी जाते.

गाळ्यांतले धुराचे डिटेक्टर इमारतीच्या पॅनेलला जोडलेच पाहिजेत आणि त्यांचा भोंगा वर प्रत्येक मजल्यावर वाजला पाहिजे. बंद शटरच्या आत वाजणारा अलार्म कोणाच्या कामाचा? शटरची एक किल्ली मोहोरबंद पाकिटात सुरक्षारक्षकाकडे असावी. यावर गाळेधारकांचा आक्षेप असतो आणि तो मी समजू शकतो. मग किमान मालकाचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर तरी द्या.

काही कामांना पैसा लागतच नाही. गच्चीचे कुलूप, जिन्यातल्या सायकली आणि चपलांची कपाटे, मीटर खोलीत कोंबलेले जुने फर्निचर, सामासिक अंतरात ठेवलेले दुकानांचे खोके, अग्निरोधक दाराला वाऱ्यासाठी लावलेली वीट. यांतले बरेचसे एका संध्याकाळी निघते. राहिलेल्यांची नावे सूचनाफलकावर लावा.

जुन्या इमारतींचे दुखणे वेगळे आहे. तिथे दुसरा जिना बांधायला जागाच नसते. म्हणून नोटीस कपाटात ठेवून देणे हा मार्ग नाही. जे शक्य नाही ते अग्निशमन अधिकाऱ्यांना लेखी कळवा, पर्यायी उपाय विचारा आणि कोणते काम कोणत्या महिन्यात होईल ते लिहून मुदत संपण्याआधी मुदतवाढ मागा. मुदत उलटल्यावर केलेल्या अर्जाला वजन नसते.

यंत्रणा बसेपर्यंत घरातल्या सगळ्यांना एवढे सांगून ठेवा. जिन्यात धूर दिसला तर त्यात शिरू नका आणि लिफ्टला हात लावू नका. दार लावून घ्या, खालच्या फटीत ओले कापड कोंबा, बाहेरच्या खिडकीशी थांबा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करून मजला सांगा. खिडकीच्या लोखंडी जाळीत आतून उघडणारे दार नसेल तर ते या आठवड्यात करून घ्या. फॅब्रिकेटर तुमच्याच खालच्या गाळ्यात असेल.

समिती हालत नसेल तर वाट पाहत बसू नका. सहकारी संस्थेत एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. त्या अर्जावर सदनिकाधारक आणि गाळेधारक दोघांच्याही सह्या घ्या आणि विषय एकच ठेवा: हक्क राखून पहिला हप्ता आणि पंप. अर्ज आजच लिहा.