जिंकलो खरे, पण...

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा सामना संपल्यावर घराकडे परतणाऱ्या घोळक्यातून तुम्ही कधी चालला आहात का? पाटाकडील तालीम असो की दिलबहार, आपला संघ हरलेला असला तर घोळका मुका असतो, नाहीतर पंचांच्या नावाने बोटे मोडत असतो. संघ जिंकलेला असला की खरी गंमत सुरू होते. कपाळावरचा गुलाल अजून पुसलेला नसतो आणि कोणीतरी म्हणतो, ‘‘जिंकलो खरं, पन डाव्या बगलेला आज कोण हुतं का न्हाई?’’

झाले! त्या एका ‘पण’नंतर चहाच्या टपरीवर दोन तास कसे जातात कळत नाही. माझे तरुणपण अशा ‘पण’मध्येच गेले. पुढे मी शाळेत गणित शिकवू लागलो आणि ‘उत्तर बरोबर आहे, पण रीत कुठे आहे?’ हे वाक्य लाल पेनाच्या टोकावर येऊन बसले ते निवृत्त होईपर्यंत. बरोबर उत्तराचेही मार्क कापता येतात हे ज्याला कळले, त्याला विजयाची चिरफाड वेगळी शिकवावी लागत नाही.

हे सारे आठवायचे कारण अमेरिकेतला एक शनिवार. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी आणि सौ. मुलीकडे गेलो होतो. ती मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावी राहते. तिथल्याच विद्यापीठात शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाची अधिकृत क्षमता १,०७,६०१! १९२७ साली खुले झालेले हे स्टेडियम बरेचसे जमीन खोदून आत बांधलेले आहे. त्यामुळे रस्त्यावरून त्याचा अंदाज येत नाही. दारातून आत शिरल्यावर एखाद्या अजस्र विहिरीच्या काठावर उभे राहिल्यासारखे वाटते. लोक त्याला ‘बिग हाउस’ म्हणतात.

तिथला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. चेंडू लंबगोल. तो हातात घेऊन पळायचे किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. सरकलात तर पुन्हा चार, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो क्वार्टरबॅक. कर्णधाराचे आणि सलामीच्या फलंदाजाचे ओझे एकाच खांद्यावर दिले तर जे होईल, ते त्याचे होत असते. आणि ही सगळी मुले कॉलेजातली, अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची.

२१ सप्टेंबरला मिशिगनचा सामना सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी होता. मिशिगन आदल्या हंगामाचा राष्ट्रीय विजेता. जानेवारीत अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ३४-१३ असे हरवून त्यांनी हंगामातला पंधरावा विजय मिळवला होता. पराभव एकही नाही. पण त्यानंतर प्रशिक्षक गेले, बिनीचे खेळाडूही गेले. नव्या हंगामात दुसऱ्याच सामन्यात टेक्सासने त्यांना त्यांच्याच मैदानावर ३१-१२ असे लोळवले. तेव्हा गावाचा जीव टांगणीला लागलेला होता. त्यात या सामन्यासाठी क्वार्टरबॅकही बदललेला.

एक लाख दहा हजार माणसे जमली होती. मिशिगनने आघाडी घेतली, मग ती गमावली. अखेरची काही मिनिटे उरली तेव्हा संघ २०-२४ असा मागे होता आणि समोर ८९ यार्डांचे मैदान पडले होते. अशा वेळी कालेल मलिंग्ज नावाच्या मुलाने चेंडू पोटाशी धरला आणि अंगावर आलेल्यांना झटकत तो ६३ यार्ड पळाला. शेवटी रेघ एका यार्डावर आली. संधी चौथी, म्हणजे शेवटची. पुन्हा तोच मुलगा घुसला. सामना संपायला ३७ सेकंद होती. मिशिगन २७, सदर्न कॅलिफोर्निया २४. आमच्या सौ.ना खेळातले ओ की ठो कळत नव्हते. पण त्याही उभ्या राहून टाळ्या वाजवीत होत्या.

मला वाटले, आता हा घोळका नाचत घरी जाईल. थोडा वेळ नाचलाही. पण स्टेडियमपासून दोन चौक ओलांडले नाहीत तोच मागून शब्द आले, ‘‘जिंकलो खरे, पण फेकीवर फक्त ३२ यार्ड?’’ मी थबकलो. माणसे परकी, भाषा परकी, खेळ परका, आणि ‘पण’ मात्र थेट आमच्या टपरीवरचा!

त्या ‘पण’ला आधार होता. या पातळीवरच्या सामन्यात पास टाकून दोनशे-अडीचशे यार्ड मिळवणे ही सामान्य गोष्ट. मिशिगनच्या क्वार्टरबॅकने बारा पास टाकले, त्यातले सात पोचले आणि मिळाले ३२ यार्ड. बाकी सारा सामना पळून जिंकलेला. रात्री गाडीतल्या रेडिओवर श्रोते फोन करून हेच बोलत होते. सगळे ‘आपण’ म्हणूनच बोलायचे. ‘आपल्याला पास टाकता येत नाही, आपण पुढे काय करणार?’ हे कळवळून विचारणाऱ्याला कॉलेज सोडून चाळीस वर्षे झाली असतील!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे आजोबा ओसरीवर वही घेऊन बसलेले दिसले. तेही याच विद्यापीठाचे विद्यार्थी. वहीत प्रत्येक चालीची नोंद. कोणत्या संधीला काय केले, किती यार्ड मिळाले. मी विचारले, ‘‘काल जिंकलात ना? मग आज हा पंचनामा कशाला?’’ ते म्हणाले, ‘‘जिंकलो म्हणूनच तर आज हे पाहता येते. हरलो असतो तर मी फक्त चिडलो असतो.’’

विचार करताना मला त्यात मोठे तथ्य दिसले. पराभवानंतर माणूस कारण शोधत नाही, गुन्हेगार शोधतो. विजयानंतर मन स्थिर असते, म्हणून कारण शोधता येते. आणि शोधले पाहिजे, कारण विजय दोष झाकतो. या खेळात निसटलेला चेंडू कोणाच्या हाती लागेल हे पुष्कळदा नशिबावर असते. तो आपल्या बाजूला पडला की आपण त्याला कर्तृत्व म्हणतो. अलाबामा विद्यापीठाचे नामवंत प्रशिक्षक निक सेबन हे नेमके ओळखून होते. २०१७ च्या ऑक्टोबरात त्यांचा संघ टेक्सास ए अँड एमवर २७-१९ असा विजय मिळवून उठला, तेव्हा आपल्या मुलांवर होणारी स्तुतीची बरसात म्हणजे उंदीर मारायचे विष आहे, असे त्यांनी पत्रकारांच्या तोंडावर सांगितले. त्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याच संघाने पटकावले.

शिवाय या चिरफाडीला व्यवहाराचीही बाजू आहे. अमेरिकेत शंभराहून अधिक विद्यापीठे या वरच्या गटात खेळतात. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. म्हणून १९३६ पासून पत्रकारांच्या मतांनी साप्ताहिक क्रमवारी लागत आली आहे. २०२४ पासून अंतिम फेरीला बारा संघ घेतात, तरी कोणाला घ्यायचे यात निवड समितीच्या मताला मोठे वजन आहे. म्हणजे नुसते जिंकून भागत नाही. कसे जिंकलात, कोणाशी जिंकलात, हेही तोलले जाते. जिथे विजयालाही परीक्षक असतात, तिथे पाठीराखे आधीच परीक्षक होऊन बसले तर नवल नाही.

आणि त्या मंडळींची भीती खरीही ठरली. पुढच्या शनिवारी मिनेसोटाविरुद्ध मिशिगन पुन्हा २७-२४ असाच निसटता जिंकला. त्यापुढच्या शनिवारी मात्र वॉशिंग्टनने त्यांना २७-१७ असे हरवले. पासची उणीव उघडी पडली आणि त्याच सामन्यात क्वार्टरबॅक बदलावा लागला. वहीतल्या नोंदी खोट्या नव्हत्या.

पण (आता माझाही एक ‘पण’) त्याच रेडिओवर मी दुसरेही काही ऐकले होते. काही जण सामन्याबद्दल बोलतच नव्हते, त्या मुलाबद्दल बोलत होते. त्याच्या वकुबाबद्दल, तो या जागेवर कसा आला याबद्दल. त्याचे नाव वर्तमानपत्रांत छापून आले आहे. तरी मी ते मुद्दाम इथे लिहीत नाही. आता या मुलांना पैसे मिळतात, मग टीका सोसायला नको का, असा एक युक्तिवाद आहे. २०२१ च्या जुलैपासून त्यांना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवता येऊ लागले आणि २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. हे खरे. पण पैशाने वय वाढत नाही. आदल्या दिवशी लाखभर लोकांसमोर जिंकलेल्या त्या पोराने रविवारी सकाळी रेडिओ लावला असेल, तर त्याला आपण जिंकलो की हरलो, हे तरी कळले असेल का?

हे मी जेवताना मुलीला बोलून दाखवले. माझी अपेक्षा होती, ती म्हणेल, खरे आहे बाबा. ती ताटातली पोळी मोडत शांतपणे म्हणाली, ‘‘बाबा, ते नऊ मार्क भूमितीत गेले होते. रचनेचं उदाहरण होतं, सहा मार्कांचं. आणि एक प्रमेय अर्धं राहिलं होतं.’’

मला क्षणभर काही उमगेना. मग उमगले. दहावीला तिला गणितात १५० पैकी १४१ मिळाले होते. शेजारीपाजारी पेढे वाटून झाले होते. ती गुणपत्रिका घेऊन माझ्यासमोर आली, तेव्हा मी चष्मा लावून ती वाचली आणि विचारले, ‘‘ते नऊ कुठे गेले?’’ प्रश्न शिक्षकाचा होता. वाईट हेतू मुळीच नव्हता. पुढे अकरावीला भूमिती पक्की असावी, इतकेच मनात होते. त्या गोष्टीला एकवीस वर्षे होऊन गेली. तिला १४१ बद्दल कोण काय म्हणाले ते आठवत नव्हते. नऊ मार्कांचा हिशेब मात्र तोंडपाठ होता.

‘‘रागावून नाही सांगत,’’ ती म्हणाली. ‘‘भूमिती पक्की झाली, तिचा उपयोगही झाला. पण त्या दिवशी मला वाटलं, मी नापास झाले.’’

सौ. माझ्याकडे पाहत होत्या. मी आमटी वाढून घेतली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी चुकीचा प्रश्न विचारला होता का? आजही मला तसे वाटत नाही. नऊ मार्क कुठे गेले हे पाहिलेच पाहिजे. जो बाप ‘वा वा’ म्हणून गुणपत्रिका कपाटात ठेवून देतो, तो मुलाचे नुकसान करतो. चूक प्रश्नात नव्हती, वेळेत होती. शेजारच्या आजोबांची वही मला रविवारी दिसली. शनिवारी शेवटच्या ३७ सेकंदांत तेच आजोबा टोपी हवेत उडवून अनोळखी माणसाच्या गळ्यात पडले होते, हे मुलीने मला नंतर सांगितले. आधी शनिवार, मग रविवार. मी मुलीचा शनिवारच खाऊन टाकला होता. दुसरे असे की आजोबांच्या वहीत ‘पास अपुरा पडला’ असे लिहिलेले होते, ‘पोरगा अपुरा पडला’ असे नव्हते.

त्या संघाची गोष्ट तिथेच संपली नाही. ३० नोव्हेंबरला मिशिगनची गाठ ओहायो स्टेट या हाडवैऱ्याशी पडली. ओहायो देशातल्या अव्वल संघांपैकी, सामना त्यांच्या मैदानावर, आणि मिशिगनला कोणी खिजगणतीतही धरत नव्हते. पासची उणीव तोवर भरून निघाली नव्हती. तरी मिशिगन १३-१० असा जिंकला. आणि हरलेल्या ओहायोने पुढे जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले! उणीव असलेला संघ जिंकतो, सर्वांत बलवान संघ हरतो आणि हरूनही विजेता होतो. तेव्हा एका सामन्यावरून, एका गुणपत्रिकेवरून, माणसाचा निकाल लावू नये हेच बरे.

जाता जाता एक सांगतो. मिशिगनच्या प्रत्येक सामन्यात जे विजयगीत वाजते, ते लुई एल्बेल नावाच्या विद्यार्थ्याने १८९८ साली शिकागोवरच्या विजयाच्या आनंदात रचले. तो विजय किती गुणांनी होता? १२-११. अवघा एक गुण! त्या संध्याकाळीही कोणीतरी म्हणाले असेलच, ‘जिंकलो खरे, पण...’ सुदैवाने एल्बेल त्या वेळी गाणे रचण्यात गुंतला होता.

डिसेंबरात आम्ही कोल्हापूरला परतलो. रविवारी सकाळी मुलीचा फोन येतो, तसा त्याही रविवारी आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी घसा साफ केला आणि म्हणालो, ‘‘दहावीला तुला १४१ मिळाले होते ना, फार छान मिळाले होते गं.’’

पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. मग ती हसली.

‘‘आणि ते नऊ, बाबा?’’

‘‘ते उद्या बघू,’’ मी म्हणालो.