पाणी फिरते आहे का?

मराठीतला ‘ताप’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. उन्हाचा तो ताप, ज्वराचा तो ताप आणि ऐन दुपारी दारात उभा राहणारा वर्गणीवाला, तोही तापच! ‘डोक्याला ताप’ हा वाक्प्रचार ज्याने प्रथम योजला, त्याने टेबलावरचा संगणक काही पाहिलेला नसणार. पण त्या यंत्राला तो जितका अक्षरशः लागू पडतो, तितका माणसालाही पडत नाही. संगणकाचे डोके म्हणजे प्रोसेसर. आकाराने जेमतेम बिस्किटाएवढा; पण भरपूर काम पडले की जुन्या १०० वॉटच्या दिव्याइतकी, कधी त्याच्या दुपटीने उष्णता बाहेर टाकणारा. ती वेळीच काढून नेली नाही, तर हा गृहस्थ ९५ ते १०० अंशांच्या घरात गेल्यावर आधी मंदावतो आणि मग सरळ संप पुकारतो.

हा ताप आजचा नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला, तेव्हा त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि प्रत्येक नळीत एक तापलेली तार! अमेरिकेत १९८५ साली निघालेल्या ‘क्रे-२’ या महासंगणकाची अंगे तर वीज न वाहणाऱ्या एका द्रवात चक्क बुडवून ठेवली होती. आपल्या पुण्यात ‘आयसर’मध्ये २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आला. त्याचा ताप उतरवण्याचे काम पाण्याकडेच सोपवलेले आहे. यात नवल नाही. तेवढ्याच घनफळाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे ३,५०० पट उष्णता उचलून नेते. महासंगणकांची ही चैन आता घरगुती संगणकातही आली आहे, आणि तिच्याबरोबर तिची दुखणीही आली आहेत.

यंत्रणा तशी साधी आहे. प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याची एक पट्टी बसवलेली असते. दोहोंच्या मधल्या बारीक फटी बुजवायला एक लेप लावतात. पट्टीवरून द्रव वाहतो, उष्णता घेतो, नळीतून रेडिएटरकडे जातो, तेथे पंख्याच्या वाऱ्यावर ती सोडून देतो आणि दुसऱ्या नळीने परत येतो. हा फेरा चालू ठेवणारा एक चिमुकला पंप असतो. पाणी उष्णता गिळून टाकत नाही. ते तिचा हमाल आहे. एका ठिकाणचे ओझे उचलायचे आणि दुसऱ्या ठिकाणी उतरवायचे, एवढेच त्याचे काम. म्हणून संगणक तापला, की ‘थंडावा कसा वाढवू?’ हा प्रश्न गौण ठरतो. ‘उष्णता वाटेत कोठे अडली?’ हा खरा प्रश्न.

आमच्या गल्लीत एक तरुण लग्नाच्या चित्रफिती जोडून देण्याचा उद्योग करतो. एकेकाळचा आमचा विद्यार्थी. वडील नाहीत, घर आईच्या शिवणयंत्रावर आणि याच्या संगणकावर चालते. एका वैशाखात, ऐन लग्नसराईत, त्याचा संगणक दर दहा मिनिटांनी बंद पडू लागला. हातात पाच लग्नांचे काम, त्यांतल्या तिघांची आगाऊ रक्कम घेऊन खर्चही झालेली! त्याने नवा लेप लावला, दोन पंखे वाढवले, पेटीचे झाकण काढून समोर टेबलपंखा ठेवला. ताप हटेना. एका जाणकाराने सल्ला दिला, “आतला सगळा संचच बदला.” आकडा असा होता, की आईचे शिवणयंत्र विकूनही भागले नसते. “सर, कर्ज काढावं म्हणतो,” असे तो आम्हांला सांगत होता, तोच शिवण बाजूला ठेवून आई म्हणाली,

“अरे, कूलर गरम वारा फेकायला लागला, की आपण आधी काय बघतो? पाणी चढायलंय का नाही, ते! याचं बघितलंस का?”

त्याने पाहिले. संगणक सुरू होतानाच ‘बायोस’ नावाचे एक पान उघडता येते. त्यावर प्रोसेसरचे तापमान दिसते आणि पंपाचे मिनिटाला किती फेरे होतात तेही. तेथे पंपापुढे शून्य होते. तार घट्ट बसवून पाहिली, तरी शून्यच. प्रोसेसरवरचा ठोकळा चटका देत होता आणि रेडिएटर मात्र माठासारखा गार! पंखे इमानाने गरगरत होते, रंगीत दिवे लुकलुकत होते; पण जेथे उष्णता पोचतच नव्हती, तेथे ते वारा घालीत होते. प्रोसेसर धडधाकट होता. मेला होता तो पंप.

असा पंप दुरुस्त करता येत नाही. ती बंद यंत्रणा सबंध बदलावी लागते. सुदैवाने आईने विजेच्या बिलांबरोबर डब्यात जपलेली पावती सापडली आणि हमीची मुदत शिल्लक निघाली. बदली येईपर्यंत त्याने तांब्याच्या नळ्यांचा, पंख्याचा साधा थंडावक बसवला. त्या बंद नळ्यांतही थोडे पाणी असते. ते तापल्या टोकाला वाफ होते, गार टोकाला पुन्हा पाणी होते आणि पंपावाचून फेऱ्या घालते. पाचही चित्रफिती, वधूवरांचे पहिले भांडण होण्यापूर्वी, घरोघर पोचल्या.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर खिशात हात घालण्यापूर्वी तो नळीला लावून पाहा. ठोकळा कढत आणि रेडिएटर गार असेल, तर प्रथम पंप पाहावा. पंप चालू असून प्रोसेसर तापतो आणि रेडिएटर मात्र गारच असेल, तर पट्टी नीट टेकलेली नसण्याचा संभव असतो: स्क्रू कमीअधिक आवळले गेले असतील, लेप वाळला असेल किंवा नव्या पट्टीवरचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचाच राहिला असेल. रेडिएटरही कढत असेल, तर धूळ आणि पंखा यांच्याकडे वळावे. आतून खळखळ ऐकू आली, तर नळीत हवा शिरली आहे असे समजावे. पंप सर्वांत उंच जागी नसावा, रेडिएटरचा माथा त्याच्या वर असावा. आणि थेंब जरी गळताना दिसला, तरी आधी वीज बंद!

आम्हां परभणीकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माठातले पाणी झिरपते, त्याची वाफ होते, म्हणून ते हवेहूनही गार होते. संगणकातले पाणी बंदिस्त असते. त्याला ही सवलत नाही. खोलीत ४२ अंश असतील, तर ते ४२च्या खाली कदापि उतरणार नाही. म्हणून भिंतीला चिकटवलेला, कपाटात कोंडलेला संगणक उन्हाळ्यात तापणारच. त्याला मोकळी जागा हाच पहिला उपचार. पण हौसेने कूलरचा ओला झोतही त्याच्या तोंडावर सोडू नये. दमट हवा आणि पाण्याचे तुषार विजेच्या यंत्राला मानवत नाहीत.

दिवाळीच्या सफाईत माळा उतरतो, डबे उजळतात, देव्हारा लखलखतो. संगणकाची पेटी मात्र तशीच राहते. आमच्याकडची काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या दिवसांतले तंतू रेडिएटरच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात. यंदा वीज काढून, पंखा बोटाने धरून, मऊ ब्रशाने तेवढी जाळी साफ करा. आणि घरातल्या पावत्या जपणाऱ्या माउलीला फराळाचे पहिले ताट द्या. तिच्या डब्यात काय काय वाचलेले असते, याचा पत्ता आपल्याला अडचणीतच लागतो.