विरळ हवेतील वाटचाल

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की अनेक घरांतून हिमालयाच्या प्रवासाचे बेत सुरू होतात. वडीलधारी मंडळी केदारनाथाचे नाव काढतात, तर तरुणांना लडाखमधील पायवाटा खुणावतात. बूट, लोकरीचे कपडे, औषधांची पेटी अशी यादी तयार होते. तथापि एक गोष्ट या यादीत बहुधा राहून जाते, ती म्हणजे हाताशी राखलेले दोन-तीन मोकळे दिवस. उंचीवरील विकारास दूर ठेवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

उंचावरील हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ते प्रमाण समुद्रकाठी आणि शिखरावर सारखेच, म्हणजे शेकडा २१ च्या आसपास असते. घटतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच मानाने कमी होतो. शरीर ही तूट भरून काढू लागते. श्वास खोल व जलद होतो, नाडी वेगाने चालते, रक्तात आवश्यक ते बदल घडू लागतात. परंतु या कामास काही दिवस लागतात. तेवढा अवधी न देता आपण वर चढत राहिलो, तर साधारणतः २,५०० मीटरच्या पुढे हा विकार जडण्याचा संभव असतो.

आपण धडधाकट आहोत, दर रविवारी गड चढतो, मग आपणास भय कशाचे, असे कित्येकांस वाटते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. केदारनाथची पायी वाट जेथून सुरू होते, ते गौरीकुंडच २,००० मीटरच्या जवळपास आहे! सह्याद्रीतील चढाईने पाय बळकट होतात, छाती भरते; पण विरळ हवेची सवय तिने लागत नाही. १९६२ च्या युद्धाच्या वेळी मैदानी प्रदेशातील सैनिकांना तातडीने हिमालयाच्या सीमेवर जावे लागले आणि त्यांतील अनेकांस या विकाराने गाठले. डॉ. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये अशा १,९२५ सैनिकांच्या आजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. जगभरच्या वैद्यकात तो आजही आधारभूत मानला जातो. कवायतीने कसलेल्या जवानांची जेथे ही कथा, तेथे आपण बळाचा भरवसा धरून कसे चालेल?

विकाराची सुरुवात साधी असते. वर पोहोचल्यावर काही तासांनी डोके दुखू लागते, अन्नावरची वासना जाते, मळमळते, अंग गळून जाते, रात्री झोप लागत नाही. लहान मुलांना हे सांगता येत नाही. ती किरकिर करतात, जेवत नाहीत, खेळणे सोडून देतात. विरळ हवेत कोणतीही डोकेदुखी दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत उंचीचीच समजावी. अशा वेळी पुढे न चढता तेथेच विसावा घ्यावा. बहुधा एक-दोन दिवसांत बरे वाटते. न वाटल्यास खाली उतरावे.

खरा घात होतो तो लपविण्याने. आपल्यामुळे इतरांची यात्रा अडेल म्हणून आजी बोलत नाहीत. मित्र हसतील म्हणून तरुण मुलगा बोलत नाही. खर्च झालेला पैसा आठवून वडील गप्प बसतात. अशा मौनातच साधा विकार प्राणघातक रूप घेऊ शकतो. स्वस्थ बसले असतानाही धाप लागणे, खोकला, फेसाळ व गुलाबी थुंकी ही फुप्फुसात पाणी उतरल्याची लक्षणे होत. तोल जाणे, असंबद्ध बोलणे, ग्लानी येणे ही मेंदूस सूज आल्याची चिन्हे आहेत. शंका आल्यास एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवून सरळ रेषेत चालावयास सांगावे. ते न साधल्यास उजाडण्याची वाट पाहू नये. रुग्णास सोबत देऊन, शक्य तर उचलून, तत्काळ खाली न्यावे. प्राणवायूची नळकांडी मिळाल्यास अवश्य लावावी. मात्र तिच्या भरवशावर उतरणे लांबणीवर टाकू नये. कापूर हुंगल्याने तर उतरण्याचे काम मुळीच होत नाही.

आता नियम. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामाहून ५०० मीटरपेक्षा अधिक उंच नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी राहावे. दिल्लीहून विमानाने निघालेला प्रवासी सव्वा-दीड तासात सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहला उतरतो. त्याने पहिले दोन दिवस केवळ विश्रांतीत घालवावेत, खारदुंगलाकडे लगेच धाव घेऊ नये. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. तेथे जाणाऱ्यांनी निदान एक रात्र गौरीकुंडास काढणे हिताचे. पाणी तहानेपुरते प्यावे, मद्य व झोपेच्या गोळ्या वर्ज्य कराव्यात. ॲसिटाझोलामाइड नावाच्या औषधाने प्रतिबंधास मदत होते. परंतु ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर त्यांच्या सल्ल्यावाचून बेतच आखू नये.

आणखी एक गोष्ट घरीच ठरवून टाकावी. प्रवासाच्या आदल्या रात्री सर्वांनी एकत्र बसून एकमेकांस वचन द्यावे की, ज्याला त्रास होईल तो तसे सांगेल, आणि त्याच्याबरोबर कोणीतरी बोल न लावता खाली उतरेल. दर्शन पुढल्या वर्षीही घडेल. शिखर कोठे जात नाही. सोबतीची माणसे सुखरूप घरी परतली, म्हणजे यात्रा सफल झाली असे समजावे.