उलट उत्तराचे बक्षीस

दरवर्षी १ ऑगस्टला, लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीला, महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून एक गोष्ट हमखास ऐकू येते. वर्गात शेंगांची टरफले पडलेली असतात, गुरुजी सगळ्यांना ती उचलायला सांगतात आणि लहानगा बाळ ठाम नकार देतो : ज्याने शेंगा खाल्ल्याच नाहीत, त्याने टरफले का उचलावीत? गोष्ट सांगणारा विद्यार्थी हात उंचावतो, आवाज चढवतो आणि टाळ्या घेतो. भाषण बहुधा आईने लिहिलेले असते, हातवारे बाईंनी बसवलेले असतात. संध्याकाळी त्याच मुलाने घरी विचारले, ‘‘ताईने केलेला पसारा मी का आवरू?’’ तर उत्तर ठरलेले असते, ‘‘उलट बोलू नकोस!’’

उलट उत्तराची गोष्ट पाठ केली म्हणून आपण चषक देतो आणि प्रत्यक्ष उलट उत्तर मिळाले की डोळे वटारतो. आपल्याकडच्या वक्तृत्वशिक्षणाचे सारे दुखणे या विसंगतीत आहे.

पाठांतराला मी नावे ठेवत नाही. त्याने उच्चार स्वच्छ होतात, सभेची भीती मोडते. पण ती पहिली पायरी झाली आणि आपण तिथेच सतरंजी अंथरून बसलो आहोत. ‘सन्माननीय व्यासपीठ, विद्वान परीक्षक’ पासून ‘जय हिंद’पर्यंत पाच-सात मिनिटे धडाधडा बोलायचे, घंटा वाजली की जागेवर बसायचे. मध्ये कोणी अडवत नाही, शेवटी कोणी प्रश्न विचारत नाही. ज्या भाषणाला प्रश्नाचे भय नाही, त्याला विचाराची गरजही पडत नाही.

आपल्याच प्रांतातला एक दाखला पाहा. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले. तेव्हा त्यांना तिसावे वर्ष पूर्ण होऊन वर्षही झाले नव्हते. साक्षीची तयारी करून घेण्यात न्यायमूर्ती रानडे आणि आकडेशास्त्रात मुरलेले गणेश व्यंकटेश जोशी यांचा मोठा हात होता. पण आयोगापुढे उलटतपासणी सुरू झाली, तेव्हा जवळ ना रानडे होते, ना जोशी. टिपण दुसऱ्याच्या मदतीने तयार करता येते. उत्तर ज्याचे त्यालाच द्यावे लागते. गोखल्यांनी ते दिले, कारण आकडे त्यांनी नुसते पाठ केले नव्हते, पचवले होते. पुढे १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले : शिल्लक दिसते ती सुबत्तेची नव्हे, गरिबांवर गरजेपेक्षा जास्त कर लादल्याची आहे. मिठावरचा कर १९०३ साली मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्याचे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही. परंतु त्या भाषणाने सरकारला उत्तर शोधायला लावले, हे खरे.

एवढ्या मोठ्या माणसाकडे जायचे नसेल, तर माझ्या बँकेतल्या टेबलाकडे या. ग्रामीण शाखेत दुभत्या जनावरांसाठी कर्जाचे अर्ज येत. काही अर्ज वळणदार अक्षरात, कोणा शिकलेल्याकडून लिहून घेतलेले असत. पण ‘‘म्हैस आटली, तर हप्ता कशातून भराल?’’ असे विचारले की अर्जदार अर्ज लिहिणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागे. एकदा एक बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘दोन्ही म्हशी एकदम घेणार नाही, साहेब. एक आत्ता, दुसरी सहा महिन्यांनी. एक आटेल तेव्हा दुसरी दुधात असेल.’’ त्या आयुष्यात कधी व्यासपीठावर चढल्या नसतील. पण मला विचाराल, तर मी ऐकलेल्या उत्तम युक्तिवादांपैकी तो एक होता.

शाळा संपल्यावर आयुष्य आपल्याला भाषण करायला क्वचितच सांगते. प्रश्न मात्र रोज विचारते. मुलाखतीत, ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत, दवाखान्यात आणि पुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलीला तर स्वतःच्याच घरात. ज्याला उत्तर देता येत नाही, तो एक तर गप्प बसतो, नाही तर आवाज चढवतो. आज मोबाइलवर आलेला मजकूर न वाचता पुढे ढकलणारी आपण मोठी माणसे तरी दुसरे काय करतो? तेही दुसऱ्याने लिहिलेले भाषणच.

यावर उपाय खर्चाचा नाही. भाषण पाच मिनिटांचे असेल, तर ते तीन मिनिटांचे करा आणि उरलेली दोन मिनिटे प्रश्नांना द्या. निम्मे गुण उत्तरांसाठी राखा. वादस्पर्धेत बाजू चिठ्ठी टाकून ठरवा आणि मध्यंतरानंतर बाजू बदला. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी विरोधकाचे म्हणणे ‘पूर्वपक्ष’ म्हणून मांडायचे आणि मग त्याचे खंडन करायचे, अशी रीत आहे. तोच नियम मुलांना लावावा : समोरच्याचे म्हणणे, त्याला ‘होय, हेच मला म्हणायचे होते’ असे वाटेल इतक्या प्रामाणिकपणे सांगता आले, तरच खोडण्याचा अधिकार.

याने मुले उद्धट होतील, अशी भीती काही पालकांना वाटेल. पण उलट बोलणे आणि उद्धट बोलणे यांत फरक आहे. उद्धटपणा आवाजात असतो, उत्तर कारणात असते. कारण सांगायची मुभा ज्याला मिळत नाही, त्याच्याजवळ शेवटी आवाजच उरतो.

आज रविवार आहे, घरातली सगळी एकत्र असतील. दहावीतली मुलगी विज्ञानाऐवजी कलाशाखा हवी म्हणत असेल, तर तिला तीन कारणे विचारा. ती आपल्या तोंडाने तिला परत सांगून, बरोबर समजली का ते पाहा. मगच आपले म्हणणे मांडा. आणि तिची बाजू वरचढ ठरली, तर आपला निर्णय बदला. याहून मोठे बक्षीस कोणत्याही स्पर्धेत मिळत नाही.